परत परतलेला घेवडा

मराठीत 'परत' म्हणजे पुन्हा, आणि 'परतणं' म्हणजे कढईत तेलावर खालीवर करत भाजणं. हे दोन शब्द एकमेकांना इतके चिकटून बसलेत हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मेक्सिकोतल्या एका पदार्थाने ते दाखवून दिलं. पदार्थाचं नाव 'फ्रिहोलेस रेफ्रितोस'. इंग्रजीत त्याचं 'रिफ्राइड बीन्स' झालं आणि जगाने सरळ अर्थ लावला: हे दाणे दोनदा तळतात. तसं काही नसतं. आधी ते नुसते शिजवतात आणि मग एकदाच चरबीवर परततात. मेक्सिकोच्या बोलीत शब्दाआधी 'रे' लावला की 'पुन्हा'पेक्षा 'अगदी', 'पार', 'चांगलंच' असा अर्थ येतो. 'ब्युएनो' म्हणजे चांगलं, तर 'रेब्युएनो' म्हणजे झकास. तसंच 'रेफ्रितो' म्हणजे चांगला खरपूस परतलेला. मेक्सिकन स्वयंपाकाचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या डायना केनेडी यांनी १९७२ पासून आपल्या पुस्तकांतून हा खुलासा केला, तरी डब्यांवरचं 'रिफ्राइड' काही हटलं नाही.

दिसायला हा पदार्थ अजिबात देखणा नाही. तपकिरी किंवा काळपट जांभळा, मऊ, पसरट ढीग. फोटोत तर तो अगदीच केविलवाणा दिसतो. पण मेक्सिकोत तो कधी एकटा येत नाही. ढिगात टॉर्टिया या मक्याच्या भाकरीचे तळलेले त्रिकोणी तुकडे, म्हणजे 'तोतोपोस', खोचलेले असतात. वर पांढऱ्या चीजचा चुरा, बाजूला हिरव्या मिरचीचं लोणचं, कांदा, मुळ्याच्या चकत्या, लिंबाची फोड आणि जवळ एखादं लाल किंवा पांढरं सरबत. मला कुतूहल वाटलं ते या गोतावळ्याचं. हे सगळे इथे का जमले आणि त्यांना कोणी बोलावलं?

आधी यजमानाची ओळख. स्पॅनिशमध्ये 'फ्रिहोल', वनस्पतिशास्त्रात 'फॅसिओलस व्हल्गॅरिस'. आपण हा परका समजतो, पण तो आपल्या घरात केव्हाच येऊन बसलाय. पंजाबी राजमा तोच. कोवळ्या शेंगांची भाजी करतो ती फरसबी, म्हणजे श्रावणघेवडा, तीही तीच जात. आणि साताऱ्याकडच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, तोही याच कुळातला. फिकट अंगावर तांबडे पट्टे, म्हणून वाघ्या. मेक्सिकोच्या उत्तरेत रेफ्रितोससाठी जो दाणा सर्रास वापरतात त्याचंही नाव अंगावरच्या ठिपक्यांवरूनच पडलंय: 'पिंतो', म्हणजे रंगवलेला. माणसाने ही वनस्पती दोन ठिकाणी स्वतंत्रपणे माणसाळवली, एकदा मेक्सिकोच्या परिसरात आणि एकदा दक्षिण अमेरिकेत अँडीजच्या डोंगरांत. आपल्याकडे ती आली युरोपियनांच्या जहाजांतून. थोडक्यात, वाघ्याचं सासर सातारा आणि माहेर अमेरिका. माहेरी त्याला कसं खातात ते पाहावं म्हणून मी अर्धा किलो वाघ्या आणला.

मेक्सिकन घरात हे काम दोन दिवसांचं असतं. पहिल्या दिवशी दाणे मातीच्या मडक्यात कांद्याचा तुकडा घालून मंद शिजतात आणि आपल्या पातळ रसासकट वाडग्यातून खाल्ले जातात. त्यांना 'मडक्यातले फ्रिहोल' म्हणतात. उरतील ते दुसऱ्या दिवशी परतायचे. डुकराच्या चरबीत कांदा लालसर करायचा, दाणे थोडे थोडे रसासकट घालायचे आणि लाकडी 'माचाकादोर'ने घोटायचं. आपल्या डाळ घोटायच्या रवीचाच हा भाऊबंद. कडेने सुटू लागलं, कढई हलवली की गोळा एकसंध सरकू लागला, की झालं. मी शाकाहारी सोय म्हणून निम्मं तेल आणि निम्मं तूप घेतलं. नुसतं तूप घातलं तर त्याचा वास घेवड्यावर कुरघोडी करतो, नुसतं तेल घातलं तर तोंडात ती लोण्यासारखी भर येत नाही. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. राजमाच्या जातीच्या कच्च्या दाण्यांत एक विषारी प्रथिन असतं, आणि ते निष्प्रभ करायला भिजवलेले दाणे किमान दहा मिनिटं खळखळून उकळावे लागतात. नुसत्या कोमट आचेवर तासन् तास ठेवून भागत नाही. आपल्या कुकरच्या शिट्ट्यांपुढे ते टिकत नाही, म्हणून आपल्याला त्याची आठवणही नसते.

पहिला घास उत्तम लागला. दुसराही. चौथ्या घासाला मी थांबलो. चव बिघडलेली नव्हती, मीठ बेताचं होतं, पण जीभ म्हणत होती, कळलं, आता पुढे काय?

या थांबण्याला शास्त्रात नाव आहे. १९८१ साली बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की एखादा पदार्थ खात गेलं की फक्त त्याच पदार्थाची ओढ कमी होते. पोट भरलेलं नसतं, दुसरं काही समोर आलं की भूक पुन्हा जागी होते. त्यांनी एका प्रयोगात निरनिराळ्या आकारांचा पास्ता वाढला. चव तीच, फक्त आकार बदलले, तरी लोकांनी जास्त खाल्लं. म्हणजे कंटाळा जिभेला जसा येतो तसा दातांनाही येतो. आणि रेफ्रितोस हा दातांच्या दृष्टीने जगातल्या सर्वांत एकसुरी पदार्थांपैकी असावा.

का, ते समजायला दाण्याच्या आत शिरावं लागतं. कच्च्या घेवड्यात पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या डिंकाने चिकटलेल्या असतात आणि प्रत्येक पेशीच्या पोटात स्टार्चचे कण व प्रथिनं ठासून भरलेली असतात. शिजताना डिंक सैल होतो, स्टार्च पाणी पिऊन फुगतो, पण पेशींच्या भिंती बऱ्याचशा शाबूत राहतात. मग आपण घोटतो तेव्हा पेशी फुटण्याऐवजी एकमेकींपासून सुट्या होतात. म्हणून रेफ्रितोस खळीसारखे चिकट न होता रवाळ मऊ होतात. बटाटा जास्त घोटला की त्याचा गोंद होतो, घेवड्याचा सहसा होत नाही, त्याचं हे कारण. पुढे चरबी या सुट्या पेशींना लपेटते आणि दाण्यातली प्रथिनं चरबी व पाणी यांना एकमेकांत धरून ठेवतात. परिणाम रेशमी. आणि रेशमी म्हणूनच चौथ्या घासाला कंटाळवाणा.

आता ताटातले बाकीचे लोक काय करतात ते कळू लागतं. तोतोपोसचा कुरकुरीतपणा, मुळ्याचा पाणीदार करकरीतपणा, कोबीचा किंवा कच्च्या कांद्याचा कचकच आवाज हे सगळं मऊ घासाला मध्येमध्ये दिलेले धक्के आहेत. वर भुरभुरवलेलं चीज वितळणारं नसतं, मुद्दाम कोरडं आणि खारट असतं. मिचोआकान राज्यातल्या कोतिहा गावाच्या नावाचं चीज यासाठी प्रसिद्ध आहे. दाण्यांत मीठ कमी ठेवायचं आणि वरून मिठाचे खडे असल्यासारखं हे चीज पडू द्यायचं. प्रत्येक घास वेगळा लागतो: एक अळणी, एक खारट, एक कुरकुरीत. आपल्या मिसळीवर फरसाण कोणी शोभेसाठी घालत नाही, तसंच हे.

मक्याचं मात्र प्रकरण निराळं आहे. त्याची आणि घेवड्याची जोडी ताटात जमलेली नाही, ती शेतात जमली. मेक्सिकोच्या पारंपरिक शेताला 'मिल्पा' म्हणतात. त्यात मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावतात. मक्याचं ताट घेवड्याच्या वेलाला आधार देतं. घेवड्याच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नायट्रोजन मातीत आणतात. भोपळ्याची रुंद पानं जमीन झाकून ओल धरतात आणि तण दाबतात. मग हेच तिघे माणसाच्या पोटात गेल्यावर तिथेही एकमेकांचं उणं भरून काढतात. मक्याच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, घेवड्यात ते भरपूर. घेवड्यात मेथिओनिन कमी, ते मका पुरवतो. वरण-भाताचं गणितही हेच, फक्त तिथे तूर आणि तांदूळ. शेतकऱ्याला अमिनो आम्लं ठाऊक नव्हती, पण कोणी टॉर्टियावर रेफ्रितोस पसरून खात असेल तर त्याचं जेवण पुरं होत होतं.

आणि टॉर्टिया म्हणजे नुसती मक्याची भाकरी नव्हे. मका आधी चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर मुरत ठेवतात, साल सुटू देतात, धुतात आणि मग वाटतात. चुना म्हणजे आपण विड्याच्या पानाला लावतो तोच. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व एरवी शरीराला नीट मिळत नाही, चुन्यामुळे ते मोकळं होतं. युरोपियनांनी मका उचलला, चुना मात्र मेक्सिकोतच ठेवून आले. पुढे मक्यावरच जगणाऱ्या युरोपातल्या गरिबांत पेलाग्रा नावाचा रोग पसरला: कातडी सोलवटणारा, बुद्धी भ्रमित करणारा. मेक्सिकोच्या खेड्यांत चुन्याच्या हंडीने तो दारातच अडवला होता. या चुन्याचा टॉर्टियाला येणारा मातकट, पहिल्या पावसासारखा वास घेवड्याच्या खरपूसपणाशी इतका जुळतो की मैद्याच्या टॉर्टियावर रेफ्रितोस खाणं मला आता अर्धंच वाटतं. उत्तर मेक्सिकोचे लोक यावर भांडतील. तिकडे गव्हाचीच टॉर्टिया चालते, आणि सोनोरा राज्यातली पातळ, भलीमोठी टॉर्टिया तर खरोखर देखणी असते.

आता थोडं मागे जाऊ. १५१९ साली स्पॅनिश लोक मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरले, त्याआधी इथे घेवडा होता, मका होता, मिरची, टोमॅटो, आवाकाडो सगळं होतं. नव्हती ती चरबी. डुकरं नाहीत, गाई नाहीत, शेळ्या-मेंढ्या नाहीत. पाळीव म्हणाल तर टर्की आणि कुत्रे. अन्न उकडायचं, वाफवायचं किंवा 'कोमाल' नावाच्या मातीच्या तव्यावर भाजायचं. परतणं ही क्रियाच या स्वयंपाकात जवळजवळ नव्हती. म्हणजे आज ज्याला अस्सल मेक्सिकन समजतात तो रेफ्रितोस दोन जगं धडकल्याशिवाय जन्मूच शकला नसता. दाणा इथला, चरबी तिकडची. कांदा तिकडचा, चीज आणि साय तिकडची, कोथिंबीर तिकडची. वरून पिळायचं लिंबूही आशियातून युरोपमार्गे गेलेलं, आणि ते आपलं कागदी लिंबूच आहे, तीच जात. उलट, आपण ज्या मिरचीशिवाय एक दिवस राहू शकत नाही ती तिथून इथे आली. ताटातल्या ताज्या सालसाकडे, म्हणजे कच्च्या चटणीकडे, पाहिलं तर टोमॅटो आणि मिरची मेक्सिकोचे, कांदा, कोथिंबीर आणि लिंबू बाहेरचे. आपल्या कोशिंबिरीची नेमकी हीच फाळणी होते, फक्त कोण घरचा आणि कोण पाहुणा हे उलटं.

आंबट गोष्टींचं घेवड्याशी नातं मजेशीर आहे. शिजताना वैर, शिजल्यावर मैत्री. दाणे मऊ व्हायच्या आत टोमॅटो किंवा चिंच पडली की आम्लामुळे पेक्टिनचा डिंक विरघळायचा थांबतो आणि दाणा तासभर उकळूनही दाताखाली कचकचतो. राजम्यात घाईने टोमॅटो घातलेल्या कुणालाही हे पटेल. चुनखडीच्या जड पाण्यातही तसंच होतं, कारण कॅल्शियम त्या डिंकाला आणखी घट्ट करतं. पण एकदा घोटून झालं की लिंबाचे चार थेंब पदार्थाला जागं करतात. शरीरालाही त्याचा फायदा होतो. घेवड्यातलं लोह सहज शोषलं जात नाही, शेजारी क जीवनसत्त्व असलं की बरंच जास्त मिळतं. लिंबू, टोमॅटो, कच्ची मिरची, कोबी या सगळ्यांकडे ते आहे. सालसा ही नुसती चटणी नाही हे मला इथे कळलं.

मिरचीतला तिखटपणा म्हणजे कॅप्सायसिन, आणि ते पाण्यापेक्षा चरबीत चांगलं विरघळतं. म्हणून तिखट सालसा नुसती खाल्ली तर जीभ पेटते, रेफ्रितोसबरोबर खाल्ली तर घेवड्याच्या चरबीत तिची धार बोथट होते आणि मिरचीची फळासारखी चव पुढे येते. मेक्सिकोत सुक्या, धुरावलेल्या, ताज्या आणि लोणचं घातलेल्या मिरच्यांच्या चवी वेगवेगळ्या मोजतात. रेफ्रितोसबरोबर माझं मत व्हिनेगरमध्ये गाजर-कांद्यासकट मुरवलेल्या हालापेन्योला. तिखट, आंबट आणि करकरीत असे तिघे एकाच फोडीत येतात.

गोडाचाही एक दरवाजा आहे. वेराक्रूसमध्ये काळ्या घेवड्याच्या रेफ्रितोसबरोबर पिकलेल्या राजेळी जातीच्या केळ्याचे तळलेले काप देतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. केळं तव्यावर साखरेसारखं तपकिरी होतं, घेवडा कढईत तपकिरी झालेला असतो, आणि दोघांचा खरपूस वास एकच होऊन जातो. युकातानमधल्या मोतुल गावाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या न्याहारीत तळलेली टॉर्टिया, तिच्यावर घोटलेला काळा घेवडा, अंडं, टोमॅटोची सालसा, मटार आणि शेजारी अशीच केळी असतात. युकातानमध्ये घेवडा गाळून घेतात, इतका तलम की साल सापडू नये. सिनालोआकडे उलट तऱ्हा: चोरिसो नावाचं सॉसेज, चीज आणि मिरची सगळं आतच ढकलतात आणि त्याला 'डुकरी फ्रिहोल' म्हणतात. वाहाकात कढईत आवाकाडोचं भाजलेलं पान चुरतात, त्याला बडीशेपेसारखा सुगंध असतो. (मेक्सिकोतल्या विशिष्ट जातीचीच पानं त्यासाठी चालतात. कुठल्याही झाडाची तोडू नयेत, काही जातींची पानं विषारी असतात.) आणि मडक्यात शिजताना एपासोते नावाची उग्र वासाची पालेभाजी घालतात. पोट फुगू नये म्हणून घालतात असं तिथली आजी सांगते, जसं आपली आजी वालाच्या उसळीत हिंग आणि ओवा घालताना सांगते. पोट फुगण्याचं मूळ आहे दाण्यातल्या काही लांबट शर्करांत. त्या तोडायचं विकर आपल्याकडे नाही, मोठ्या आतड्यातल्या जीवाणूंकडे आहे आणि ते मेजवानी झोडून वायू सोडतात. भिजवलेलं पाणी ओतून दिलं तर त्यातला काही भाग निघून जातो.

आता पेयांकडे, कारण खरं आश्चर्य तिथे आहे.

मेक्सिकोच्या कुठल्याही खाणावळीत काउंटरवर काचेच्या मोठ्या बरण्या ओळीने दिसतात. त्यांतलं गडद लाल सरबत 'हमाइका'. जमैका बेटाच्या नावावरून हे नाव पडलं. वाळवलेली लाल बोंडं पाण्यात उकळायची, साखर घालायची, थंड करायचं. ही बोंडं लाल अंबाडीची! भाकरीबरोबर ज्या अंबाडीची आंबट भाजी आपण खातो तिच्याच कुळातली. मूळची आफ्रिकेची, दोन वाटांनी निघाली, इकडे आपल्या कढईत पानं आली आणि तिकडे त्यांच्या पेल्यात बोंडं. दुसऱ्या बरणीत तपकिरी 'तामारिंदो'. अरबांनी चिंचेला 'तमर हिंदी' म्हटलं, हिंदुस्तानी खजूर, आणि ते नाव स्पॅनिशमध्ये जसंच्या तसं बसलं. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं स्पॅनिश जहाजं फिलिपिन्सचं मनिला आणि मेक्सिकोचं आकापुल्को यांच्यामध्ये येजा करत होती. रेशीम, मसाले, चिनी माती यांच्याबरोबर आशियातली झाडंही त्या वाटेने पॅसिफिक ओलांडून मेक्सिकोत रुजली. आज मेक्सिकन मुलं मीठ-मिरची लावलेल्या चिंचेच्या गोळ्या चोखतात, आणि त्या आपल्याकडून गेल्यात असं वाटावं इतक्या आपल्या लागतात.

ही आंबट-तुरट पेयं चरबीबरोबर का शोभतात? तुरट चव म्हणजे खरं तर स्पर्श. टॅनिनसारखी द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं, खरखरीत वाटतं. चरबी याच्या उलट करते, तोंडाला वंगण लावते. २०१२ साली 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. त्यात माणसांना चरबीदार मांसाचे घास आणि तुरट पेयाचे घोट आलटून पालटून दिले. घोटागणिक तुरटपणा साचत जातो आणि तोच चरबीचा थर मोडतो, असं त्यात दिसलं. एकच मोठा घोट पुरत नाही, घास-घोट, घास-घोट असंच जायला हवं. मी पुढच्या जेवणाला हे करून पाहिलं. हमाइका नव्हतं, कोकम होतं. कोकमाला आंबटपणाबरोबर थोडी तुरट किनार असते, साखर कमी ठेवून वर किंचित मीठ आणि जिरं घातलं की ते हमाइकाची जागा अगदी सहज घेतं. चौथा घास कधी झाला कळलंच नाही.

इथे एक गाठ आहे. तुरट द्रव्यं जिभेला मदत करतात, पण लोह पकडून ठेवून शरीराला ते कमी मिळू देतात. चहा-कॉफीचा हाच दोष. तरीही मेक्सिकोत सकाळी घेवड्याबरोबर कॉफी हमखास असते. 'काफे दे ओया', मडक्यातली कॉफी. तिच्यात दालचिनी आणि 'पिलोनसियो' घालतात. पिलोनसियो म्हणजे उसाचा रस आटवून शंकूच्या साच्यात ओतलेला खडा, म्हणजे आपला गूळच. आणि दालचिनीही त्यांना श्रीलंकेची, पातळ पदरांची लागते, जाड झणझणीत साल चालत नाही. कॉफीचा कडवट भाजका वास, गुळाचा मातकट गोडवा आणि घेवड्याचा खरपूसपणा यांचं इतकं जमतं की लोहाचा हिशेब मी लिंबावर सोडला. ज्याला खरोखर लोहाची कमतरता आहे त्याने कॉफी जेवणानंतर तासाभराने घ्यावी, एवढंच.

'ओर्चाता' वेगळ्या कामाची. तांदूळ आणि दालचिनी भिजवून वाटायची, गाळायची, साखर घालायची. स्पेनमध्ये हे पेय एका कंदापासून करतात, मेक्सिकोने तांदूळ पत्करला. ती चरबी कापत नाही, पण तिखटाला थोपवते. सालसा जिथे जहाल असेल तिथे ओर्चाता, जिथे कढईत चरबी सढळ असेल तिथे हमाइका किंवा तामारिंदो, असा माझा सोपा हिशेब.

बिअरचं काय? मेक्सिकोत व्हिएन्ना पद्धतीची लालसर-तपकिरी लागर अजून जिवंत आहे. भाजलेल्या माल्टचा तिचा हलका गोडवा परतलेल्या कांद्याशी जुळतो आणि बुडबुडे जिभेवरचा थर खरवडतात. बुडबुड्यांची मजाही स्पर्शापुरतीच नसते. कार्बन डायऑक्साइडचं जिभेवरच आम्लात रूपांतर होतं आणि आंबट चव ओळखणाऱ्या पेशीच ते टिपतात, म्हणून साधा सोडाही किंचित आंबट लागतो. बिअर न पिणाऱ्याने लिंबू-सोडा घ्यावा, काम तेच होतं. कडक दारूला मात्र मी घेवड्याबरोबर जागा देणार नाही. तिखटाचा दाह जाणवतो तो उष्णता ओळखणाऱ्या एका ग्राहकामुळे, ज्याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. हा ग्राहक एरवी साधारण ४२ अंशांच्या पुढे जागा होतो. मद्यार्क त्याची पातळी ३४ अंशांच्या आसपास आणतो, म्हणजे शरीराच्या नेहमीच्या उबेतही त्याला आग लागल्यासारखं वाटतं. मिरची खाऊन वर मेस्कालसारखी कडक दारू पिणारे विझवत नाहीत, फुंकर घालतात. अर्थात, मेस्कालचा धुरकट वास आणि धुरावलेल्या मिरचीची सालसा यांचं संगनमत इतकं जुनं आहे की माझा सल्ला वाहाकात कोणी ऐकणार नाही.

वाघ्याचे रेफ्रितोस उरले होते. रात्री फ्रिजमध्ये ठेवले आणि सकाळी पाहिलं तर वाटीचा आकार घेऊन दगडासारखे बसलेले. गार झाल्यावर स्टार्चचे रेणू पुन्हा रांगेत येतात आणि घट्ट होतात. चमच्याने कापून कढईत टाकले, अर्धी वाटी गरम पाणी घातलं आणि घोटत राहिलो, मग ते कुरकुरत सैल झाले. मेक्सिको सिटीत सकाळी 'मोयेतेस' खातात: पाव उभा चिरायचा, त्यावर रेफ्रितोस, वर चीज, भट्टीत वितळवायचं, आणि वर कांदा-टोमॅटो-कोथिंबीर. माझ्याकडे लादीपाव होता. तव्यावर झाकण ठेवून चीज वितळवलं, गॅसच्या दुसऱ्या शेगडीवर गूळ-दालचिनीची कॉफी उकळत होती. मुलीने कढईत डोकावून विचारलं, "कालचेच ना? परत परततोयस?"

या वेळी इंग्रजी नाव खरं होतं.